गाडी नसलेल्या माणसाचं पार्किंग

गुलाबभाऊ बारसागडे यांच्याकडे गाडी नव्हती. मोटारसायकल नव्हती, लुना नव्हती, सायकलसुद्धा नव्हती. तरीही आमच्या अहेरीच्या ऑफिससमोर पार्किंगची जागा धरायला रोज सकाळी सगळ्यांच्या आधी हजर असायचे ते गुलाबभाऊच. आलापल्लीहून सातच्या बसने यायचे, खांद्यावरचा पांढरा दुपट्टा काढायचे, जिन्याच्या पायथ्याशी जमिनीवर नीट पसरायचे आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे. मग समोरच्या टपरीवर चहा घेत दुपट्ट्याकडे पाहत बसायचे.

एसटीच्या खिडकीतून दुपट्टा टाकून सीट धरणारी माणसं मी जन्मभर पाहिली आहेत. मी स्वतःही टाकलेला आहे. पण रस्त्याच्या कडेला दुपट्टा अंथरून गाडीची जागा धरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. आणि गंमत म्हणजे लोक ते मानायचे. बाजाराच्या दिवशी टमाट्यांनी भरलेला टेम्पो दुपट्ट्यापाशी येऊन थबकायचा, ड्रायव्हर मान बाहेर काढून पाहायचा, काहीतरी पुटपुटायचा आणि पुढे निघून जायचा. माणसाच्या दुपट्ट्यावरून चाक न्यायचं नाही, एवढी रीत आमच्याकडे अजून शिल्लक आहे.

मी तेव्हा त्या ऑफिसचा साहेब होतो. आमची कंपनी शेतीच्या पंपांची. पंप विकायचे, बसवायचे, बिघडले की दुरुस्त करून द्यायचे. मुख्य ऑफिस चंद्रपूरला. तिथे तळघरात गाड्या लावायला आखलेल्या पांढऱ्या रेघा, भिंतीवर प्रत्येकाचं नाव आणि वर सलाम ठोकणारा वॉचमन. अहेरीचं उपकार्यालय म्हणजे कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीत मी आणि हिशेब पाहणाऱ्या गड्डमवार बाई, दुसऱ्या खोलीत पंपांचे सुटे भाग आणि त्या सुट्या भागांमध्ये गुलाबभाऊ. चौथा कुळमेथे, आमचा मेकॅनिक. तो बहुतेक वेळ गावोगाव फिरतीवर असायचा.

आम्हा तिघांच्या तीन दुचाक्या. जिन्याच्या पायथ्याशी, नाली आणि विजेचा खांब यांच्यामध्ये, जागा एकाच गाडीची. बाकी दोन गाड्या रस्त्यावर देवाच्या भरवशावर. माझा आरसा दोनदा फुटला. कुळमेथेच्या सीटवर लोक कोंबड्यांच्या टोपल्या ठेवायचे. एकदा तर गड्डमवार बाईंच्या स्कूटीला कुणीतरी बकरी बांधून बाजारात निघून गेला. बकरी सोडावी तर पळून जाईल, न सोडावी तर घरी कसं जायचं, या पेचात बाई पाऊण तास उभ्या होत्या. मालक आला तो उलट बाईंनाच म्हणाला, की गाडी अशी मधात कशाला लावता.

अशा ऑफिसात गुलाबभाऊंची ती एक जागा म्हणजे मोठीच चैन होती. सकाळी जो पहिला येईल त्याच्यासाठी ते दगड बाजूला करायचे, दुपट्टा झटकून खांद्यावर टाकायचे आणि हाताने इशारे करत गाडी आत घ्यायला लावायचे. "या, या, अजून या. खांबाले नका लावू." दुचाकीला एवढे इशारे कशाला लागतात ते विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

गुलाबभाऊंचं वय पंचावन्नच्या आसपास. सडपातळ अंग, बारीक कापलेले केस, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. एक लिहायचं, एक कुणी मागितलं तर द्यायचं. सुट्या भागांच्या खोलीत त्यांनी प्रत्येक डब्यावर आपल्या सुंदर अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली. वॉशर मागितला तर नुसता देत नसत. कुणाचा पंप, कोणतं गाव, विहिरीला पाणी किती, पोरगी कुठे दिली, एवढी चौकशी झाल्यावर वॉशर हातात पडायचा. बोलण्याची सुरुवात नेहमी एकच. "आपलं काई म्हननं नाई..." असं ते म्हणाले की कुळमेथे हळूच खुर्ची ओढून घ्यायचा. अर्ध्या तासाची निश्चिंती.

आता या जागेचं भाडं. ते कुणी ठरवलं नव्हतं, कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण होतं. सकाळी ज्याला जागा मिळाली त्याने संध्याकाळी गुलाबभाऊंना आलापल्लीला घरी सोडायचं. आठ-नऊ किलोमीटर म्हणजे आमच्याकडे पान खायला जाण्याचं अंतर, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नसे. साडेपाच वाजले की गुलाबभाऊ खुंटीवरचं हेल्मेट काढायचे. हो, गाडी नसलेल्या माणसाकडे हेल्मेट मात्र स्वतःचं होतं. लाल रंगाचं, आतून कापूस भरून डोक्याच्या मापाचं केलेलं. ते घालून, पट्टा आवळून, ते गाडीजवळ उभे राहायचे. मागे बसले की माझ्या खांद्यावर दोन टिचक्या मारायचे. म्हणजे चला.

वाटेत तोंडाला विश्रांती नाही. हेल्मेटच्या आतून त्यांचं बोलणं निम्मं वाऱ्यावर जायचं, तरी ते थांबत नसत. हा मोहा मागच्या साली कसा फुलला होता, त्या वळणावर कुणाची बस पंक्चर झाली होती आणि सगळ्या प्रवाशांनी मिळून काय खाल्लं, पुलाखालच्या पाण्यात कोणती मासळी लागते. पण खरी अडचण घर आल्यावर सुरू व्हायची. गुलाबभाऊंना दारात सोडून परत फिरलेला माणूस आमच्या ऑफिसच्या इतिहासात नाही. आधी पाणी. मग चहा. चहा उकळेस्तोवर मागच्या अंगणातल्या वांग्यांची पाहणी. चहा झाला की फोडणीचे मुरमुरे. मुरमुरे खाल्ले की पान. पान खाल्लं की आठवायचं, की अरे, साहेबांना तो जुना रेडिओ दाखवायचा राहिला. घंटाभर तर कुठेच गेला नाही.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. आई होती तोवर तिचं केलं, ती गेल्याला आता बरीच वर्षं झाली. एक भाऊ नागपूरला. एवढं मला माहीत होतं. आणि माहीत असून मी त्यातून काही काढलं नाही, हे आज लिहिताना माझं मलाच खटकतं.

पहिले दोन-तीन महिने मला त्या मुरमुऱ्यांची मजा वाटली. मग कंटाळा यायला लागला. कुळमेथेची पोरं लहान, त्याला घरी लवकर जायचं असायचं. गड्डमवार बाई मूळच्या सिरोंचाकडच्या, घरात सासूबाई कडक, उशीर झाला की तेलुगूतून फोनवर जो काही वर्षाव व्हायचा तो आम्हाला शब्द न कळताही कळायचा. हळूहळू एक विचित्र प्रकार सुरू झाला. सकाळी पहिलं पोचायला कुणी तयार होईना. मी कोपऱ्यावर यायचो तर पानठेल्याआड कुळमेथे गाडी बंद करून उभा. जरा पुढे गड्डमवार बाई स्कूटीवर बसून उगाच पर्स धुंडाळताहेत. तिघंही एकमेकांकडे पाहायचो आणि कुणीच हलायचो नाही. तिकडे जिन्याखाली दुपट्टा पसरलेला, आणि गुलाबभाऊ टपरीवरून रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे मान वळवून पाहत बसलेले. शेवटी ज्याला आधी दया यायची तो गाडी सुरू करायचा. दिवसभर मग बाकीचे दोघं त्याच्याकडे पाहून हसायचे.

हे आम्ही आपसात चेष्टेवर नेत होतो. पण चेष्टेत जे असतं ते कधीतरी कागदावर येतंच.

ऑफिसपासून पाच मिनिटांवर जुन्या आरा मशीनचं आवार होतं. तिथे एकाने टिनाचं शेड टाकून गाड्यांचा स्टँड सुरू केला. सावली, राखण, महिन्याचा पास. कुळमेथे म्हणाला, साहेब, चंद्रपूरवाल्यांना गाडी ठेवायला फुकटात तळघर मिळतं, मग आम्ही आपल्या खिशातून पास का काढायचा? गड्डमवार बाईंनी बकरीची आठवण करून दिली. मुद्दा बरोबर होता. आजही मला तो बरोबरच वाटतो. कंपनीच्या कामाला यायचं, तर मोठ्या गावातल्या माणसाच्या गाडीला छप्पर आणि लहान गावातल्या माणसाच्या गाडीला कोंबड्या, हा न्याय कुठला? मी झकास अर्ज लिहिला. उन्हात तापणाऱ्या सीटा लिहिल्या, फुटलेले आरसे लिहिले, बकरीसुद्धा सभ्य भाषेत लिहिली. फक्त संध्याकाळचा तो घंटाभर लिहिला नाही. तो आम्हा तिघांच्याही मनात होता आणि तिघांनीही एकमेकांना सांगितला नाही.

खाली चार रकाने आखले. नाव, पद, वाहन क्रमांक, सही. तीन सह्या पटापट झाल्या. चौथ्यासाठी गुलाबभाऊंना बोलावलं, तर त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि टेबलावर ठेवला.

"आपलं काई म्हननं नाई," ते म्हणाले, आणि कुळमेथेने सवयीने खुर्ची ओढली.

त्या दिवशी गुलाबभाऊंनी जे काही मुद्दे मांडले ते ऐकून आम्ही हसून हसून बेजार झालो. म्हणाले, कंपनी आज गाडी ठेवायचे पैसे देईल, उद्या म्हणेल गाडी आमची, परवा म्हणेल रविवारी पण आणा. म्हणाले, टिनाच्या शेडखाली गाडी बाहेरच्यापेक्षा जास्त तापते, कुणाला विश्वास नसेल तर त्यांनी दुपारी शेडखाली जाऊन बसावं. म्हणाले, गाडी सावलीत ठेवून माणूस पाच मिनिटं उन्हातून चालत येईल, मग सावली कुणाला मिळाली? आणि शेवटी म्हणाले, "जो मानूस पायदळ येते, त्याच्या चपलीचे पैसे कंपनी देईन का? नाई देत न? मंग गाडीचेच काऊन? आन जागा धराले मी हाव न रोज. माहं काई चुकलं का आतापर्यंत?"

याला उत्तर देता आलं असतं. पायी येणाऱ्याला बसचा पास मागू, असं म्हणता आलं असतं, आणि ते खरोखर मागताही आलं असतं. पण मला अर्ज त्याच दिवशी पाठवायचा होता. मी साहेबी आवाज काढला.

"गुलाबभाऊ, तुमच्याकडे गाडीच नाही. तुमचा या विषयाशी संबंध काय?"

खोलीत कुणी हसलं नाही. गुलाबभाऊंनी खिशातलं पेन काढलं. नाव लिहिलं, पद लिहिलं, आपल्या त्या सुंदर अक्षरात सही केली. वाहन क्रमांकाच्या रकान्यात पट्टी लावल्यासारखी एक सरळ रेघ ओढली. "बरोबर हाय साहेब," म्हणाले, आणि सुट्या भागांच्या खोलीत गेले.

अर्ज मंजूर झाला. उपकार्यालयांसाठी असा खर्च कंपनीने पहिल्यांदाच मान्य केला होता, त्यामुळे चंद्रपूरहून माझं कौतुक करणारा फोनही आला. मी समोसे आणवले. गुलाबभाऊंनी समोसा खाल्ला, चटणी छान आहे म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गाड्या स्टँडवर लागायला लागल्या. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत कापडवाल्याने आपला साडी नेसवलेला पुतळा आणून उभा केला.

संध्याकाळी आम्ही तिघं जिना उतरून स्टँडकडे उजवीकडे वळायचो, आणि गुलाबभाऊ डावीकडे, बस स्टँडकडे. सुरुवातीला मी एक-दोनदा म्हटलं, की चला, सोडतो. ते म्हणाले, "तुमची गाडी तिकडे, मी इकडे. उगाच फेरा काऊन मारता? बस हाय न." मला सुटल्यासारखं वाटलं. हे कबूल करायला हवं. मी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही, आणि तिसऱ्यांदा विचारलंच नाही. बाकीच्या दोघांनीही नाही.

फरक ऑफिसात दिसायला लागला. वॉशर मागितला की वॉशर मिळायचा. कुणाचा पंप, कुठलं गाव, काही नाही. एकदा स्टॉकच्या यादीवरून काहीतरी विचारायला मी त्यांच्याकडे गेलो, तर ते "आपलं काई म्हननं नाई" म्हणाले आणि खरोखरच गप्प बसले. मी थोडा वेळ उभा राहिलो. पुढे काही आलं नाही. कुळमेथे म्हणायचा, भाऊचं आता वय झालं. आम्हाला ते कारण सोयीचं होतं.

वर्षभराने माझी चंद्रपूरला बदली झाली. सामान आधीच गेलं होतं. शेवटच्या दिवशी निरोप वगैरे आटोपून मी चारच्या सुमारास नुकत्याच घेतलेल्या माझ्या कारने निघालो. आलापल्ली वाटेवरच. मी गुलाबभाऊंना म्हटलं, आज साहेबाचं ऐका, चला बसा. ते पुढच्या सीटवर अंग चोरून बसले. सवयीने हेल्मेट आणलं होतं, ते मांडीवर ठेवलं. वाटभर फार बोलले नाहीत. काच खाली करू का, एवढं विचारलं.

घरी पोचलो तर अंगणात भिंतीला लागून सिमेंटचा एक चांगला लांब ओटा. मी पूर्वी यायचो तेव्हा तो नव्हता. त्यावर मिरच्या वाळत घातलेल्या. मी म्हटलं, हे कधी बांधलं? गुलाबभाऊ पाणी आणायला आत गेले होते. शेजारच्या पोचुबाई कुंपणापलीकडे धान पाखडत होत्या, त्यांनी सांगितलं.

"बसाले बांधला न जी. तुमच्या ऑफिसचा रोज कोनी न कोनी याचा सोडाले, खुर्ची येकच. भाऊनं मिस्त्री लावला, म्हने लोकं उभे राह्यते, बरं नाई दिसत. ओटा झाला आन थ्या दिवसापासून कोनी आलंच नाई. मंग मीच म्हनलं, मिरच्या तरी टाकते."

गुलाबभाऊ पाण्याचे तांबे घेऊन बाहेर आले. त्यांनी ते ऐकलं होतं. मिरच्या एका बाजूला सारून त्यांनी मला बसायला जागा केली आणि स्वतः पलीकडे टेकले. मला लाज वाटली. इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती, आणि ती खरं तर कधी वाटायला हवी होती तेही समजत होतं. मी म्हटलं, गुलाबभाऊ, तेव्हाच का नाही सांगितलं? आम्ही तो अर्ज...

"अर्ज बरोबर होता साहेब," ते म्हणाले. "तुमाले तरास होता, मले दिसत नव्हतं का? थ्या कोपऱ्यावर तिघंबी गाड्या बंद करून उभे राहाचे, मी टपरीवरून पाहाचो न. पन मी काय सांगू? मले संध्याकाळी घरी कोनी येत नाई, असं कुठी अर्जात लिहिता येते का?"

त्यांनीच विषय बदलला. चहा ठेवला, वांगी या साली किडली म्हणाले. चहा झाला. मुरमुऱ्यांचा डबा उघडल्याचा आवाज आला, आणि मी घड्याळ पाहिलं. खरंच सांगतो, बसायचं माझ्या मनात होतं. पण पुढे तीन तासांचा रस्ता, चंद्रपूरला बायकोने जेवायला पाहुणे बोलावलेले. हात खिशातल्या किल्लीकडे गेला. ते गुलाबभाऊंनीच ओळखलं. डबा तसाच हातात धरून ते दारात आले. म्हणाले, "निघा साहेब. जंगलाचा रस्ता हाय, उजेडात पार केलेला बरा. आजकाल वाघबी फिरून राह्यला तिकडे." मला हवं होतं ते कारण त्यांनी माझ्यासाठी शोधून दिलं, आणि मी ते घेतलं.

ते कारपर्यंत आले. कुंपणाच्या फाटकापाशी उभे राहून, मागे मोकळा रस्ता असताना, हाताने इशारे करत त्यांनी माझी गाडी बाहेर काढून दिली. पोचलो की फोन करा, म्हणाले. मी नक्की म्हटलं.

घरी पाहुणे होते, जेवणं झाली, गप्पा रंगल्या. फोन करायचा राहून गेला. सकाळी नव्या टेबलावर बसल्यावर आठवण झाली, तेव्हा लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"पोचले का साहेब?" गुलाबभाऊंनी विचारलं.